हिलोतलं आमचं निवृत्तीनंतरचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१६ साली कॅलिफोर्नियातलं घर विकून आम्ही दोघं हवाईत, हिलो गावी राहायला आलो. तेव्हापासून पुणे, चिपळूण, सॅन होजे, सगळीकडून साधारण तेच प्रश्न येतात. काही काळजीपोटी, काही कुतूहलापोटी. प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

हिलो म्हणजे नक्की कुठे? होनोलुलूच्या जवळ का?

नाही. होनोलुलू ओआहू बेटावर आहे. आम्ही त्याच्या आग्नेयेला, सगळ्यांत मोठ्या बेटावर राहतो. त्या बेटाचंच मूळ नाव हवाई. मधे समुद्र आहे, त्यामुळे होनोलुलूला जायचं तर विमानच. हिलो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. पाठीशी मौना केआ, उंची ४,२०७ मीटर. हिवाळ्यात तिच्या माथ्यावर बर्फ दिसतं आणि खाली आम्ही सुती कपड्यांत भाजी आणायला निघालेले असतो.

इथे पत्ता सांगताना उत्तर-दक्षिण कुणी म्हणत नाही. 'माउका' म्हणजे डोंगराच्या अंगाला आणि 'माकाइ' म्हणजे समुद्राच्या अंगाला. माझं माहेर गुहागरचं. तिथे वरचा पाट आणि खालचा पाट म्हणतच लहानाची मोठी झाले, त्यामुळे हे मला पहिल्या दिवशी कळलं. ह्यांना, पक्क्या पुणेकराला, वर्ष लागलं.

दिवसभर करता काय? वेळ जातो का?

सकाळी सहाला लिलिउओकलानी बागेत फिरायला जातो. हवाईच्या शेवटच्या राणीचं नाव असलेली, १९१७ च्या सुमारास आखलेली ही जपानी पद्धतीची बाग खाडीला लागून आहे. तिच्यातल्या तळ्यांना भरती-ओहोटी असते. कमानीच्या पुलाखाली कधी गुडघाभर पाणी, कधी नुसता चिखल आणि खेकडे. बागेशेजारून एक पादचारी पूल मोकु ओला नावाच्या चिमुकल्या बेटावर जातो. तिथल्या जुन्या दगडी मनोऱ्यावरून पोरं पाण्यात उड्या मारतात. आम्ही दोघं बाकावर बसून चहाचा थर्मास उघडतो. ओळखीचे दहा-बारा जण रोज भेटतात आणि कोण आलं नाही याची चौकशी होते. आठवडाभर दिसला नाहीत तर कुणीतरी घरी येऊन बघून जातं.

बुधवार आणि शनिवार हे शेतकरी बाजाराचे मोठे दिवस. मामो रस्त्याच्या कोपऱ्यावर ताडपत्रीखाली पपया, केळी, रताळी, अळूची पानं, अँथुरियमच्या जुड्या मांडलेल्या असतात. माझी पपईवाली बाई फिलिपिनो आहे. तिच्याकडून घेताना 'आज खायचंय की परवा?' हा प्रश्न आधी येतो आणि मग ती फळ दाबून न बघता नुसत्या रंगावरून निवडून देते. तिचं अजून एकदाही चुकलेलं नाही.

मंगळवारी कामाना सीनियर सेंटरला जातो. काउंटीतर्फे (म्हणजे जिल्हा प्रशासनातर्फे) चालणारं हे केंद्र म्हणजे आमच्या वयाच्या लोकांचा अड्डा आहे: उकुलेले, हूला (हवाईचं पारंपरिक नृत्य), हार गुंफणं, व्यायाम. हे उकुलेले शिकतात. चार तारांचं हे वाद्य मुळात पोर्तुगीज बेटांवरून ऊसमळ्यांवर कामाला आलेल्या मजुरांनी आणलं, १८७९ च्या सुमारास, आणि ते इथलंच होऊन गेलं. शिवाय शनिवारी पहाटे हे खाडीत वल्हवायला जातात. सहा जणांची लांबट होडी, एका बाजूला तोल सांभाळणारा लाकडी दांडा. सहाही जणांनी एका तालात वल्हं मारायचं आणि आरोळी आली की बाजू बदलायची. बहात्तराव्या वर्षी ह्यांचे खांदे चाळीशीतल्यापेक्षा बरे आहेत.

दुपारी तीननंतर शेजारच्या दोन मुली गणितं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांची आई हॉटेलात काम करते, तिला यायला सहा वाजतात. मी काही शिकवणी ठरवली नव्हती. ती एकदा सहज म्हणाली, 'आंटी, बघाल का जरा?' आणि ते सुरू झालं. सहा वर्षं झाली.

तुम्हाला तिथे सगळे 'आंटी' म्हणतात, ते तुम्ही भारतीय म्हणून का?

अजिबात नाही. हवाईत वडीलधाऱ्या माणसाला आंटी आणि अंकल म्हणायचीच रीत आहे, नातं असो वा नसो. दुकानातला पोरगा, बसचा ड्रायव्हर, बँकेतली मुलगी, सगळे. हे ऐकून मला काका-काकू म्हणणारी आपली आळी आठवली. मेनलँडवर, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, तीस वर्षं मला सगळे नावानं हाक मारत होते. त्यात वाईट काही नव्हतं, पण इथे पहिल्यांदा कुणी 'आंटी, पिशवी देता का इकडे?' म्हटलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

मात्र या हाकेबरोबर काम येतं. त्याला हवाईयन शब्द आहे 'कुलेआना'. हक्क आणि जबाबदारी दोन्ही एकाच शब्दात. वयस्कर माणसांना 'कुपुना' म्हणतात आणि कुपुनानं नुसतं आरामखुर्चीत बसणं कुणाला अपेक्षित नसतं. मुलांवर नजर ठेवायची, सभेत बोलायचं, भांडण मिटवायचं, येत असेल ते शिकवायचं. निवृत्तीच्या पैशांचं नियोजन करताना आम्ही वीस कागद भरले होते. निवृत्त माणसाचा कुणाला काही उपयोग असतो का, हा रकाना त्यांत कुठेच नव्हता. इथे तो आपोआप भरला गेला, आणि आमच्या हिलोत राहण्याचं खरं कारण तेच आहे.

खायचं काय? आपल्या वस्तू मिळतात का?

तूरडाळ, पोहे, गूळ हे मेनलँडहून मागवतो. कढीपत्त्याचं झाड दारात आहे. पण खरं उत्तर वेगळं आहे. अर्धं कोकण इथेच आहे.

साधारण हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोक जोडहोड्यांमधून या बेटांवर आले तेव्हा त्यांनी वीसहून अधिक वनस्पती बरोबर आणल्या. त्यांची यादी वाचताना मी थक्क झाले. कालो म्हणजे अळू. उलु म्हणजे नीरफणस. ओलेना म्हणजे हळद. नोनी म्हणजे आपली बारतोंडी. कमानी म्हणजे उंडी, जिच्या तेलाचे दिवे कोकणात लावत. शिवाय नारळ, केळ, ऊस. हळदीचा उपयोगही आपल्यासारखाच: समुद्राच्या पाण्यात ओलेना मिसळून शुद्धीसाठी शिंपडतात.

अळूबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला ते फार जवळचं आहे. हवाईयन कथेत आकाशपित्याचं पहिलं मूल मृत जन्मलं. त्याला पुरलं, त्या जागी अळूचं रोप उगवलं. दुसरं मूल जगलं, तो माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्याची काळजी धाकट्यानं घ्यायची आणि थोरल्यानं धाकट्याला खाऊ घालायचं. त्याच्या कंदापासून 'पोइ' करतात, उकडून, दगडी बत्त्यानं चेचून, पाणी घालून सारखं केलेलं. पोइचं भांडं उघडं असेल तेव्हा त्याभोवती भांडू नये अशी जुनी शिकवण आहे, कारण थोरला भाऊ समोर बसलेला असतो. आणि मेजवानीला जो 'लुआऊ' शब्द जगभर गेला, तो मुळात अळूच्या पानाचा शब्द आहे.

आमच्या माउकाकडच्या शेजारीण आंटी, वय चौऱ्याऐंशी, लाउलाउ करतात. अळूच्या पानांत मांस किंवा मासा गुंडाळायचा, वरून 'ती' नावाच्या झाडाचं रुंद पान बांधायचं आणि तास न् तास वाफवायचं. त्यांना मी हळदीच्या पानातले पातोळे करून दाखवले. मोदकपात्राचं झाकण उघडल्यावर तो वास आला, तशा त्या गप्प झाल्या. मग एक पान उलगडून, आतली बाजू बोटानं चाचपून म्हणाल्या, 'शिरा उमटल्यात बघ पिठावर.' माझी आई अगदी हेच म्हणायची. त्या बदल्यात त्यांनी मला त्यांच्या परसातल्या अळूची पानं निवडायला शिकवली: कोवळी, देठ गडद, आणि शिजवताना घाई नाही, नाहीतर घसा खाजतो. चिंचेचा कोळ लावायची आपली युक्ती त्यांना ठाऊक नव्हती. आता त्यांच्या घरीही अळूवडी होते.

एक सूचना मात्र मनापासून. इथल्या गोगलगाईंमधून पसरणारा एक परजीवी मेंदूपर्यंत जाऊन माणसाला आजारी पाडतो, आणि त्याचा त्रास आमच्याच बाजूला जास्त. कच्चा पाला खायचा असेल तर एकेक पान वाहत्या पाण्याखाली, उजेडात धरून धुवायचं. पाहुणे म्हणून आलात तरी यात सूट नाही.

पाऊस खूप असतो म्हणे?

खूप. वर्षाला साधारण ३,२०० मिलिमीटर, कोकणाइतकाच, फक्त बारा महिने वाटून. बहुतेक रात्री पडतो आणि सकाळी इंद्रधनुष्य टाकून जातो. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, चपला हिरव्या पडतात. रात्री कोकी बेडूक ओरडतात. पोर्तो रिकोहून कुंड्यांमधून चुकून आलेला हा नखाएवढा प्राणी इतका मोठा आवाज काढतो की नवख्याला झोप लागत नाही. पावसाच्या आवाजात झोपायची सवय असेल तर सहा महिन्यांत जमतं.

ज्वालामुखी आणि सुनामी यांची भीती नाही वाटत?

वाटते. वाटायलाच हवी.

किलाउएआ ज्वालामुखी आमच्यापासून गाडीनं पाऊण तासावर. २०१८ मध्ये आमच्याच बेटावरच्या पुना नावाच्या भागात जमीन फाटून लाव्हा वस्तीत आला, सुमारे सातशे घरं गेली. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचं घरही त्यांत होतं. चार महिने ते आमच्याकडे राहिले. २३ डिसेंबर २०२४ पासून शिखरावरच्या विवरातून पुन्हा थांबून थांबून लाव्हाची कारंजी उडू लागली. ती बघायला गेलो तेव्हा शेजारीण आंटींनी सांगितलं होतं, 'आवाज करू नका, तिच्या घरी जाताय.' ती म्हणजे पेले, ज्वालामुखीची देवी. जुने लोक तिला 'टूटू पेले' म्हणतात, पेले आजी. घर गेलेल्या अंकलनाही मी तिच्याबद्दल वावगा शब्द काढताना ऐकलेलं नाही. 'जमीन तिचीच होती' एवढंच ते म्हणाले. आपल्याकडे गावाच्या देवीबद्दल असंच बोलतात. कृपा करून तिथला दगड खिशात घालून नेऊ नका.

सुनामीनं हे गाव दोनदा मोडलं. १ एप्रिल १९४६ ला एकट्या हिलोत शहाण्णव माणसं गेली आणि २३ मे १९६० ला एकसष्ट. किनाऱ्यालगत शिनमाची नावाची जपानी वस्ती होती. आता तिथे मोकळी हिरवळ आहे. घरं पुन्हा बांधायची नाहीत असं गावानं ठरवलं. कामेहामेहा रस्त्यावर एक उभं घड्याळ आहे, त्याचे काटे १ वाजून ४ मिनिटांवर थांबलेले. १९६० ची लाट त्या वेळी आली. ते मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी पावणेबाराला भोंगा वाजतो, ती चाचणी. २९ जुलै २०२५ ला वाजला तो खरा होता. रशियातल्या कामचाटकाला ८.८ चा भूकंप झाला होता. आमचं घर उंचावर आहे, म्हणून खालच्या भागातली पाच कुटुंबं आमच्याकडे आली. मी दोन कुकर खिचडी लावली. अंगणात लोक गाड्यांची दारं उघडी ठेवून रेडिओ ऐकत होते आणि पोरं खिचडीवर सोया सॉस घालून खात होती. सुदैवानं मोठं नुकसान झालं नाही. त्या रात्री कुणाकडे कोण जाईल हे कुणाला विचारावं लागलं नव्हतं, ते आधीच ठरलेलं होतं.

खर्च परवडतो का?

महाग आहे, सरळ सांगते. बहुतेक माल जहाजानं येतो आणि वीज तर साऱ्या अमेरिकेत सगळ्यांत महाग. आमच्या काउंटीत जवळपास प्रत्येक खरेदीवर ४.५ टक्के कर, तांदूळ-दुधावरसुद्धा. बाजारातलं स्थानिक खाल्लं, छपरावर सौर पट्ट्या बसवल्या आणि फार फिरलं नाही तर भागतं. काही वर्षं तर काउंटीच्या हेले-ऑन बसला तिकीटही नव्हतं.

आजारी पडलात तर?

हा आमचा सगळ्यांत मोठा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर समाधानकारक नाही. हिलोत रुग्णालय आहे, पण तज्ज्ञ डॉक्टर कमी. ह्यांच्या हृदयाच्या तपासणीसाठी होनोलुलूला जावं लागलं, त्यासाठी तारीख मिळायला चार महिने गेले. विमानतळावर सोडायला, घराकडे बघायला, डबा पोचवायला माणसं उभी होती, हे खरं. तरीही ज्यांना वरचेवर उपचार लागतात त्यांनी इथे येण्याआधी दहा वेळा विचार करावा.

सण कसे करता?

गणपती दीड दिवसाचा, मातीचा, घरीच केलेला. विसर्जन बादलीत आणि ती माती अळूला. समुद्रात काही सोडायचं नाही असं आम्हीच ठरवलं आहे. कोरल इतकं नाजूक की ठरावीक रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीला या राज्यानं २०२१ पासून बंदी घातली आहे. पाहुणे येतात, दारात चपला काढतात (ही रीत सगळ्या हवाईची आहे), आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही असतं.

एका वर्षी एक मैत्रीण मोगऱ्याचा हार घेऊन आली. त्याला इथे 'पिकाके' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ मोर. राजकन्या काइउलानीला मोर आणि मोगरा दोन्ही फार आवडत, म्हणून फुलाला पक्ष्याचं नाव पडलं. तो हार मी गणपतीच्या गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी निर्माल्य कचऱ्यात टाकलंत का, असं तिनं हळूच विचारलं. इथे हार कधी कचऱ्यात जात नाही, मातीला परत देतात. मी तिला परसातलं झाड दाखवलं, ज्याच्या बुंध्याशी आमचं निर्माल्य जातं. ती हसली आणि तिनं मला मिठी मारली.

मंदिर म्हटलं तर दूर कौआई बेटावर ग्रॅनाइटचं शिवमंदिर आहे, बंगळूरला कोरलेल्या दगडांचं. एकदा विमानानं जाऊन आलो.

मेरी मोनार्क म्हणजे काय? तुम्ही त्या आठवड्यात फोन उचलत नाही!

कारण तो आमचा पालखीचा आठवडा असतो. मेरी मोनार्क हा हिलोतला हूला नृत्याचा उत्सव, ईस्टरच्या रविवारी सुरू होतो. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली १८३० मध्ये हूलाला जाहीर मनाई झाली. राजा कालाकाउआनं १८८३ च्या राज्याभिषेकात तो पुन्हा मानानं उभा केला, म्हणून उत्सवाला त्याचं टोपणनाव. स्पर्धा १९७१ पासून. शुक्रवारी जुन्या धाटणीचा 'काहिको' असतो, फक्त ढोल, भोपळा आणि मंत्रासारखं पठण. आमच्या गटातल्या बायका महिनाभर आधीपासून पानाफुलांचे हार गुंफतात. मी बारीक बोटांची म्हणून नेचे निवडायचं काम माझ्याकडे.

स्थानिक लोकांना बाहेरून आलेले चालतात का?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि तो सगळ्यांनी विचारावा.

हवाई हे एक स्वतंत्र राज्य होतं. १७ जानेवारी १८९३ ला राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली. १८९६ च्या कायद्यानं शाळांतून हवाईयन भाषा गेली. मुलांना ती बोलल्याबद्दल मार बसत असे, शेजारीण आंटींच्या आईनंही तो खाल्लेला. १९७८ मध्ये तिला राज्यभाषेचा दर्जा मिळाला आणि १९८४ पासून हवाईयन भाषेच्या बालवाड्या निघाल्या. आज आंटींची पणती त्यांच्याशी हवाईयनमध्ये बोलते आणि त्यांना निम्मंच समजतं. हे बघताना पोटात तुटतं आणि आनंदही होतो.

घरांच्या किमती आमच्यासारखे लोक आल्यानं वाढतात आणि इथलीच मुलं मेनलँडला निघून जातात. आम्ही त्यात आहोत. म्हणून एवढं तरी करतो: आधी ऐकतो, न विचारता सल्ला देत नाही, 'आमच्याकडे कॅलिफोर्नियात' हे वाक्य घरातून हद्दपार केलं आहे, आणि हाक आली की जातो. स्वीकारलं की नाही हे आपण ठरवायचं नसतं.

फोन कधी करावा?

भारत आमच्या साडेपंधरा तास पुढे आहे. तुमचे सकाळचे साडेदहा म्हणजे आमचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. ती वेळ उत्तम.

परत यावंसं वाटत नाही?

वाटतं, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत. हिलोच्या पावसात आंब्याचा मोहोर टिकत नाही. बेटाच्या पश्चिमेकडच्या, कोनाच्या कोरड्या बाजूची एक मैत्रीण पेटी पाठवते, पण तो हापूस नव्हे.

आई गेली तेव्हा मला पोचता आलं नाही. त्या उन्हाळ्यात बौद्ध मंदिराच्या अंगणात बॉन नृत्य होतं. ऊसमळ्यांवर आलेल्या जपान्यांनी पितरांसाठी सुरू ठेवलेली ही रीत. मधे लाकडी मचाण, त्यावर ढोल, वर कागदी कंदील, आणि भोवती सगळं गाव गोल फिरत नाचतं, कुठल्याही धर्माचं असो. ज्यांच्या घरचं माणूस त्या वर्षी गेलं त्यांच्यासाठी तो पहिला बॉन. शेजारीण आंटी माझ्याकडे आल्या आणि आईचं नाव विचारलं. तीन वेळा म्हणून जिभेवर बसवलं. मग म्हणाल्या, 'चल, तिच्यासाठी एक फेरी.' आईचं जुनं इरकली लुगडं फाडून केलेली ओढणी मी कमरेला बांधली होती. पाऊस भुरभुरत होता. हे फेरीच्या बाहेर, हातात आमच्या दोघींच्या चपला धरून उभे होते.